कोऱ्या पेशींची धाप

१

वरच्या ओळीतल्या दुसऱ्या खळगीतला द्राव गुलाबी नव्हता. पिवळाही म्हणता आला नसता. रंगपट्टीशेजारी धरला तर गुलाबीपासून दोन घरं अलीकडे आणि पिवळ्यापासून तीन घरं पलीकडे, असा मधेच कुठेतरी तो थांबला होता. सूर्य बुडाल्यावर ढगाच्या कडेला पाचेक मिनिटं उरतो तसला नारिंगी. खळगी करंगळीच्या नखाएवढी. तिच्या तळाशी पन्नास हजार पेशी चिकटून बसलेल्या, आणि त्यांच्यावर हा एवढासा अवेळचा मावळतीचा रंग.

"यांना मी काही दिलेलं नाही, ताई," धाकटी म्हणाली. "शप्पथ. या कोऱ्या आहेत."

ताईने मान हलवली आणि प्लेट उजेडाकडे जरा तिरकी केली.

या ताईला सगळी प्रयोगशाळा मापाडीण म्हणत असे. संस्थेतले सगळे तराजू, तापमापक आणि थेंब मोजायच्या पिपेटी खरं बोलतात की नाही हे तपासणं तिचं काम. मागच्या आवारापलीकडे तिची मापनाची खोली होती आणि गेली बावीस वर्षं ती तिथे चुका पकडत बसली होती. नाव तिच्यासमोर कुणी घेत नसे, पण तिला ते ठाऊक होतं आणि रागही नव्हता. लोक नावं ठेवतात, हिला निदान कामाचं तरी ठेवलं होतं.

धाकटी म्हणजे प्रयोगशाळेतली सगळ्यात नवी संशोधक. लवंगेच्या तेलातलं मुख्य द्रव्य पेशींच्या ऊर्जेचं काय करतं, हा तिचा दोन वर्षांचा विषय. प्रत्येक प्लेटमध्ये खालच्या ओळींना ती लवंगेचा अंश देई आणि वरच्या ओळीला काहीच देत नसे. त्या वरच्या ओळीतल्या पेशींना इथे कोऱ्या म्हणत. बाकीच्यांचं दुखणं किती, ते या निरोग्यांवरून ठरायचं. धडधाकट पेशींवरचा द्राव गुलाबीच राहतो, पण आता निरोगीच आजारी पडले होते. तीन आठवडे, सलग, प्रत्येक प्लेटमध्ये.

प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी शेवटचं सांगून टाकलं होतं. गुरुवारी अकरा वाजता बाहेरचे दोन परीक्षक येणार, आकडे बघणार. कोऱ्या का बिघडतात हे धाकटीला सांगता आलं नाही, तर तिच्या हाताला शिस्त नाही किंवा वहीतलं सगळं खरं नाही, असं समजून विषय बंद. दोन वर्षं पाण्यात. आज मंगळवार होता.

"तुझंच तेल तुझ्याच हातून वर सांडलं, असं म्हणतायत ना सगळे?"

"सगळे नाही म्हणत. पुदिना म्हणतो, तू नीट झोपत जा." पुदिना हे तिच्या खोलीतल्या दुसऱ्या संशोधकाचं टोपणनाव.

मापाडीण हसली नाही, पण प्लेट तिने दोन्ही हातांत धरली आणि आवार ओलांडून आपल्या खोलीत नेली. पेशी किती प्राणवायू ओढतात ते मोजणारं यंत्र तिच्याकडे होतं. वीस मिनिटं ती पडद्यावरच्या रेषेकडे पाहत बसली. बाहेर एक पान झाडावरून सुटलं आणि खाली यायची काही घाई नसल्यासारखं हवेत फिरत राहिलं. दमलेल्या पेशींची रेषा खाली जाणार, हे तिने धरूनच ठेवलं होतं.

रेषा वर गेली. कोऱ्या पेशी धापा टाकत होत्या.

२

दुपारी तिने धाकटीला गच्चीवर नेलं. तिथे पाण्याची मोठी टाकी होती आणि तिच्या सावलीत बसता येत असे.

पेशीच्या आत ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका असतात हे धाकटीला सांगायची गरज नव्हती. तरी मापाडिणीला गोष्ट पहिल्यापासून मांडल्याशिवाय चैन पडत नसे. पेशी प्राणवायू घेते, तिने म्हटलं, तो या टाकीच्या पंपासारखा पंप चालवायला. पंप वर पाणी चढवतो. वरून ते नळाने खाली येतं, खाली चक्की फिरते, चक्कीतून पीठ पडतं. ते पीठ म्हणजे पेशीची ऊर्जा. आता तुझी लवंग काय करते?

"पंपाचाच गळा धरते," धाकटी म्हणाली. "प्राणवायू कमी लागतो. पीठही कमी."

"आणि या कोऱ्या?"

धाकटीने आकडे पाहिले. प्राणवायू दीडपट. पीठ निम्मं. मग तिने मान वर करून टाकीकडे पाहिलं. एका सांध्यातून बारीक धार लागली होती, आणि खाली पंप सकाळपासून घरघरत होता.

"टाकी गळतेय," ती हळूच म्हणाली.

"टाकी गळतेय. पंप दिवसभर मरमर मरतो आणि नळाला थेंब नाही. पीठ पडेना म्हणून पेशी साखर अर्धवट जाळून दिवस ढकलतात, त्याने द्राव आंबतो आणि रंग बदलतो." मापाडिणीने कागदाची घडी घातली. "लवंग तुझ्या मात्रेला टाकीला भोक पाडत नाही. तुझ्याच खालच्या ओळींचे जुने आकडे तसं सांगतात. तेव्हा जे वर गेलं ते तुझं तेल नाही."

"मग कुणाचं?"

ते मापाडिणीला अजून ठाऊक नव्हतं. तिने बाईंना गाठलं.

बाई कडक होत्या पण आडमुठ्या नव्हत्या. समोरच्याला बसायला सांगत, पाणी देत आणि मगच वाईट बातमी देत. त्यांनी आकडे ऐकून घेतले, कपाळाला आठी घातली आणि म्हणाल्या की धापेचं खरं असेल, पण परीक्षकांना धाप दाखवून भागणार नाही, धाप लावणारा हात दाखवावा लागेल. नाहीतर तो हात धाकटीचा नाही असं त्यांनी कशावरून धरावं? खोलीत शिरणारे मोजून चार. धाकटी, पुदिना, त्या स्वतः आणि द्रव्यभांडार सांभाळणारे काका. काकांचं काय, ते सोमवारी यायचे, दोन्ही इन्क्युबेटरमधल्या, म्हणजे पेशी उबेत ठेवायच्या कपाटांतल्या, तळाच्या पाण्याच्या थाळ्या भरायचे आणि जायचे. त्यांचं काम चोख. महिन्यापूर्वी उजव्याच्या थाळीत बुरशी दिसली तेव्हा बाईंनी त्यांना एकदाच सांगितलं, पुन्हा दिसली नाही.

"आणि पुदिना?"

बाई म्हणाल्या की एक गोष्ट त्यांनी कुणाला विचारलेली नाही. दोघांच्याही प्लेटा उजव्या इन्क्युबेटरमध्ये असत. तीन आठवड्यांपूर्वी पुदिन्याने आपल्या सगळ्या गुपचूप डावीकडे हलवल्या. त्या आठवड्यापासूनच धाकटीच्या कोऱ्या बिघडायला लागल्या.

३

संध्याकाळी घराच्या जिन्यातच मापाडिणीला जळल्याचा वास आला. ती दोन-दोन पायऱ्या चढून गेली. स्वयंपाकघरात निळसर धूर तरंगत होता, पातेल्यात दुधाचा काळा पापुद्रा धरला होता, आणि पातेल्यापासून हातभर अंतरावर काका वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत बसले होते.

"काका, अरे दूध."

"हो का?" काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "बघ, आडवा शब्द सापडेना म्हणून ध्यान नव्हतं."

काका संस्थेत सगळ्यांचेच काका होते. तिचे मात्र सख्खे. आईवडील गेल्यावर त्यांनीच तिला वाढवलं होतं आणि ते जिथे द्रव्यभांडार सांभाळत तिथेच तिला नोकरीला लावलं होतं. घरात ती त्यांना अरे-तुरे करी. संस्थेच्या फाटकातून आत गेलं की काका 'तुम्ही' होत. दोघांनाही त्याची इतकी सवय होती की फाटक कधी ओलांडलं ते कळत नसे.

भांडारात हजारभर बाटल्या होत्या आणि काकांचं नाक म्हणजे अर्धी प्रयोगशाळा, असं लोक म्हणत. चिठ्ठी पुसलेली बाटली काकांकडे जाई, काका ती नाकापासून वीतभर लांब धरून हाताने हवा ओढून घेत आणि नाव सांगत. ती लहान असताना ते एक खेळ खेळायचे. तिने डोळे मिटायचे, काकांनी एकेक कुपी नाकाखाली धरायची. निलगिरी. कापूर. लवंग. सुट्टीतल्या लांबलचक दुपारी त्या वासांच्या मागे मागे ती कुठल्या कुठे जायची आणि परत यायला तिला वेळ लागायचा. आजही निलगिरी म्हटलं की तिच्या मिटल्या डोळ्यांपुढे भांडाराच्या खिडकीतला तिरपा उजेड आणि त्यात तरंगणारी धूळ येई.

त्यांचं निवृत्तीचं वय उलटून सहा वर्षं झाली होती. दरवर्षी बाई विचारत, काका, यंदा काय करायचं? काका म्हणत, बघू. बाई वर्ष वाढवून देत. हल्ली ते बाटलीवरची चिठ्ठी भिंगातून दोनदा वाचत. डोळे थकले असतील, असं तिला वाटे.

पातेलं घासता घासता तिने धाकटीचं सगळं सांगितलं. काकांनी पेन्सिल खाली ठेवली. पोर गुणी आहे, ते म्हणाले. भांडारात आली की बाटली घेण्याआधी माझ्या गुडघ्याची चौकशी करते. तिचं नुकसान होता कामा नये.

"पुदिन्याला विचार," ते म्हणाले. "तो चोर नाहीये. पण काहीतरी गिळून बसलाय."

४

पुदिना हे नाव त्याला पुदिन्याच्या सत्त्वावर काम करतो म्हणून पडलं होतं. तो आला की आधी वास यायचा, मग तो. उंच, वाकून चालणारा, आणि प्रत्येक गोष्टीवर एक फालतू विनोद जवळ ठेवून असणारा माणूस. बुधवारी सकाळी मापाडिणीने त्याला त्याच्या पिपेटी तपासायच्या निमित्ताने बोलावलं आणि समोर बसवून एकेक पिपेट पाण्याने भरून तराजूवर रिकामी करत राहिली. चौथ्या पिपेटीपर्यंत त्याचे दोन विनोद वाया गेले.

"डावीकडे का हललास?" तिने तराजूवरची नजर न काढता विचारलं.

दार जड लागतं, तो म्हणाला. उजव्याचं. मग म्हणाला, जागा कमी पडत होती. मग पाचवी पिपेट रिकामी होईपर्यंत तो आपल्या हातांकडे पाहत राहिला.

"माझ्याही कोऱ्या बिघडल्या होत्या," तो शेवटी म्हणाला. "तिच्या लक्षात येण्याआधी दोन दिवस. मला वाटलं, माझंच. पुदिन्याचं सत्त्व उडतं, ताई. झाकण नीट बसलं नाही की वाफ शेजारच्या खळगीत उतरते. मला वाटलं, माझीच वाफ माझ्या कोऱ्यांना आणि तिच्याही प्लेटांना लागली असेल. सांगितलं असतं तर माझा विषय बंद झाला असता. म्हणून गुपचूप डावीकडे गेलो."

"आणि डावीकडे?"

"दुसऱ्या दिवसापासून ठणठणीत."

"म्हणजे तुझी वाफ नव्हतीच. तू गेलास आणि रोग उजवीकडेच राहिला. हे तुला तीन आठवडे कळत होतं."

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मापाडिणीने त्याला उद्या अकराला हेच बाईंपुढे बोलायला सांगितलं आणि त्याने मान हलवली. दारापर्यंत जाऊन तो परत वळला. धाकटीला झोपत जा म्हणालो होतो, तो म्हणाला, तेव्हापासून मलाच झोप नाही.

तो गेल्यावर तिने धाकटीचे तीन आठवड्यांचे आकडे एका कागदावर मांडले. उतार येईल असं तिला वाटलं होतं. आली ती पायऱ्यांची रांग. आठवडाभर आकडा जागचा हलत नसे. मंगळवारी एकदम एक पायरी खाली. पुढच्या दोन मंगळवारी आणखी दोन, प्रत्येक आधीपेक्षा उंच. काल चौथी, सगळ्यात उंच. पेशी आजारी पडत नव्हत्या, त्यांना दर आठवड्याला एक मात्रा मिळत होती, आणि मात्रा वाढत होती.

धाकटी प्लेटा गुरुवारी बदलायची. पुदिना रोज यायचा. मंगळवारच्या आदल्या दिवशी त्या खोलीत एकच नेमाने घडणारी गोष्ट होती. तिने कागद उलटा ठेवला, जणू त्यामुळे ती गोष्ट थोडा वेळ तरी खोटी राहील.

मग ती आवारात जाऊन उभी राहिली. तेलांच्या त्या खोलीत दिवसभर वावरणाऱ्यांची नाकं सकाळी दहालाच हात टेकत. तिला आज स्वच्छ नाक हवं होतं. दहा मिनिटं ती नुसती झाडाखाली श्वास घेत राहिली, आणि मग सरळ आत जाऊन तिने उजव्या इन्क्युबेटरचं दार उघडलं.

उबदार, दमट हवा चेहऱ्यावर आली. लवंगेच्या त्या घरात लवंग नव्हती. ओव्याचा वास होता.

५

थाळी तिने दोन्ही हातांनी बाहेर काढली. पाण्याच्या तळाशी पांढरे, अर्धपारदर्शक खडे पडले होते. भिजलेल्या खडीसाखरेसारखे, कडा झिजलेल्या. थायमॉल. ओव्याचं सत्त्व. पेशीच्या टाकीला भोक पाडण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. सदतीस अंशांच्या उबेत ते पाण्यातून उठत होतं, कपाटभर पसरत होतं, आणि झाकणांच्या फटींतून खळग्यांत उतरत होतं. कोऱ्या, लवंगेच्या, सगळ्या सारख्याच.

ते तिथे कसं आलं हेही तिला कळलं, आणि तिने थाळी खाली ठेवली. जुन्या काळी प्रयोगशाळेतल्या गरम पाण्याच्या टाक्यांना बुरशी धरू नये म्हणून त्यात ओव्याचं सत्त्व टाकत. तीस वर्षं ते काम एकाच माणसाने केलं होतं. त्या टाक्यांत नुसत्या बंद बाटल्या गरम व्हायच्या. तिथे कुणाचंच काही बिघडत नसे. किती टाकायचं याचा त्या माणसाचा नियम तिने लहानपणापासून ऐकला होता. चिमूट टाकावी, वास घ्यावा, नाकाला जेमतेम जाणवलं की हात आवरावा.

भांडारातली थायमॉलची बाटली तिने तिच्या स्वतःच्या तराजूवर ठेवली. वार्षिक तपासणीत घेतलेल्या वजनापेक्षा ती अडतीस ग्रॅमने हलकी भरली. थाळीभर पाण्याला त्यातला पाव ग्रॅम पुरला असता.

अडतीस ग्रॅम नाकाला जाणवत नाहीत, असं कसं होईल?

जळलेलं दूध तिला आठवलं, आणि दोनदा वाचलेल्या चिठ्ठ्या.

चार वाजले होते. खिडकीतून तिरपा उजेड येत होता आणि त्यात धूळ तरंगत होती, चाळीस वर्षांपूर्वी तरंगायची तशीच, सावकाश. काका स्टुलावर बसले होते. तिने तीन कुप्या त्यांच्यासमोर ओळीने ठेवल्या.

"काका, ओळख पाहू खेळू या?"

"आत्ता?" ते हसले. "कामाच्या वेळी?" पण डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांचा त्यांचा चेहरा एकदम लहान दिसायला लागला.

पहिल्या कुपीत साधं पाणी होतं. तिने झाकण काढून ती त्यांच्या नाकाखाली धरली.

"लवंग," काका म्हणाले. "तुमच्या सगळ्यांच्या डोक्यात सध्या लवंगच आहे."

दुसऱ्या कुपीत लवंग होती.

"हा... निलगिरी."

तिसरी त्यांच्याच बाटलीतून भरली होती. तिने झाकण काढलं आणि ओव्याच्या वासाने टेबलाभोवतीची सगळी हवा भरून गेली. तिने कुपी वीतभर नव्हे, दोन बोटांवर धरली. काका वाट पाहत होते. त्यांच्या ओठांवर खेळातलं हसू होतं. धूळ वर गेली, खाली आली.

"चिमणे," ते म्हणाले, "तिसरी उघड ना आता."

६

ती काही बोलली नाही, तेव्हा काकांनी डोळे उघडले आणि उघडी कुपी पाहिली. मग उजव्या इन्क्युबेटरची थाळी पाहिली. ती तिने आणून कोपऱ्यात ठेवली होती. किती, एवढंच त्यांनी विचारलं. अडतीस ग्रॅम, ती म्हणाली. त्या पोरीच्या पेशी त्यानेच? हो. जाणवेना म्हणून घालत गेलो, ते म्हणाले. जणू दुसऱ्या कुणाबद्दल सांगत होते. मग त्यांनी भिंग उचललं, हातात फिरवलं, खाली ठेवलं.

"उद्या सांगावं लागेल, काका."

"बघू," काका म्हणाले.

त्या रात्री दूध तिने स्वतः तापवलं आणि उकळी येईपर्यंत समोरून हलली नाही. शब्दकोडं तसंच पडून होतं.

गुरुवारी अकरा वाजता बाईंच्या खोलीत दोन परीक्षक, बाई, पुदिना आणि धाकटी बसले होते. धाकटीने वही छातीशी धरली होती. बाईंनी पुरावा म्हणून थायमॉलची बाटली मागवली होती. ती घेऊन काका आले आणि टेबलावर ठेवून दाराशी उभे राहिले. कुणी त्यांना जा म्हटलं नाही आणि ते गेले नाहीत.

मापाडिणीने सगळं क्रमाने मांडलं. लवंग पंप धरते, आणि इथे पंप धापा टाकतोय. टाकीला भोक आहे, म्हणजे हे दुसरंच द्रव्य. पुदिन्याच्या पेशी उजवीकडे बिघडल्या आणि डावीकडे सुधारल्या, म्हणजे दोष प्लेटेत नाही, कपाटात आहे. पुदिन्याने ते उभं राहून, विनोद न करता सांगितलं. आकड्यांना मंगळवारच्या पायऱ्या आहेत, म्हणजे मात्रा सोमवारी पडते. थाळीत खडे आहेत. बाटली अडतीस ग्रॅमने हलकी आहे. एका परीक्षकांनी बाटलीचं झाकण काढलं आणि डोकं मागे घेतलं.

"पटलं," ते म्हणाले. "पण बाटली काही चालत थाळीपर्यंत गेली नाही. भांडारातून ही मुलगीही बाटल्या नेते. तिने प्रयोग फसल्यावर कारण तयार केलं नाही, हे कशावरून?"

धाकटीचा चेहरा उतरला. बाई मापाडिणीकडे पाहत होत्या. त्यांनाही कळलं असावं, कारण त्यांनी पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला आणि नाव काही विचारलं नाही.

खिडकीबाहेर झाड उन्हात स्थिर उभं होतं. मापाडिणीला वाटलं, आपण डोळे मिटून बसलो आहोत, कुणीतरी आपल्या नाकाखाली कुपी धरली आहे आणि आपल्याला नाव ठाऊक आहे. फक्त उच्चारायचं. बावीस वर्षं तिने दुसऱ्यांचे तराजू खरे केले होते. आता तिच्या पारड्यात एका बाजूला त्या पोरीची दोन वर्षं होती आणि दुसऱ्या बाजूला एक स्टूल, एक खिडकी आणि हजार बाटल्या. तिने मान वळवली.

"काका," ती म्हणाली, आणि फाटकाच्या आत पहिल्यांदाच तिच्या तोंडून तसं निघालं, "तू सांगतोस की मी सांगू?"

काका दोन पावलं पुढे आले.

"ओवा मी टाकला, बाई," ते म्हणाले. "बुरशी येऊ नये म्हणून. नाकाला जाणवेपर्यंत टाकायचा, असं मी शिकलो होतो. मला जाणवलाच नाही. मागच्या वर्षीच्या तापापासून मला कशाचाच वास येत नाही. मी ते कुणाला सांगितलं नाही. या पोरीने फक्त लवंग नेली, तीही दर वेळी विचारून."

ज्या परीक्षकांनी शंका काढली होती त्यांनी हळूच बाटलीचं झाकण लावलं.

बाईंनी समोरचा कागद उलटा केला. धाकटीला त्या म्हणाल्या की वही घेऊन जा, उजवं कपाट धुऊन, वाळवून पुन्हा लाव, आणि कोऱ्या नव्याने वाढव. तीन महिने जास्त देते. धाकटीला उठता येईना. मग उठली ती बाईंकडे न जाता काकांकडे गेली आणि काही न सुचून तिने त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली.

"बरा आहे," काका म्हणाले. "तो अजून शाबूत आहे."

पुदिना हसला, मग बाकीचेही थोडे हसले. हसू ओसरल्यावर बाई जराशा पुढे झुकल्या. त्यांचा आवाज दरवर्षी असायचा तसाच होता, फार तर अर्धा सूर खाली.

"काका, मग यंदा काय करायचं?"

मापाडिणीला पुढचा शब्द पाठ होता. सहा वर्षं ती तो ऐकत आली होती. काकांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, त्यातली भांडाराची लांब किल्ली बोटांनी चाचपून ओळखली आणि तो सगळा जुडगा पुतणीसमोर ठेवला.

"मी थांबतो," ते म्हणाले. "आजपासून."